भुताचा पत्ता

ऑक्टोबर सरत आला की पुण्याच्या सोसायट्यांमध्ये भोपळे कोरले जातात, पोरं काळे डगले चढवून दारोदार चॉकलेटं मागत हिंडतात आणि हमखास एखादा मित्र विचारतो, "तुमच्या बारामतीकडं आहे का रे एखादी भुताटकीची जागा? हॅलोविनला जाऊन येऊ."

शनिवारवाडा सगळ्यांना ठाऊक असतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा तिथे खून झाला आणि 'काका, मला वाचवा' ही त्यांची हाक पौर्णिमेच्या रात्री अजून ऐकू येते, अशी वदंता आहे. त्या हाकेचं बारामतीशी दुरून का होईना, नातं आहे. नारायणरावांच्या आजोबांची, म्हणजे थोरल्या बाजीरावांची, बहीण भिऊबाई बारामतीच्या जोशी-नाइकांच्या घरात दिलेली होती. त्याच नाइकांचा वाडा कऱ्हेच्या काठी आहे आणि त्यांच्याच आश्रयाने कवी मोरोपंत १७९४ साली वारेपर्यंत बारामतीत राहिले.

पण शनिवारवाड्यासारखी साऱ्या महाराष्ट्राला माहीत असलेली झपाटलेली जागा बारामती-इंदापुरात मला सांगता येत नाही. आमच्याकडची भुतं गावागणिक आहेत आणि त्यांना पत्ता आहे. मुंजा असतो तो अमक्याच पिंपळावर. आसरा अमक्याच डोहात. म्हसोबा शिवेवर, वेताळ गावाबाहेरच्या शेंदूर फासलेल्या दगडांत आणि चकवा अमक्याच दोन बांधांमधल्या पट्ट्यात. बिनपत्त्याच्या भुताला आमच्याकडे कोणी भीत नाही. म्हणून मित्राला मी सांगतो, ये, पण भूत बघायला नको, त्याचा पत्ता शोधायला ये. पत्त्यावर पोचलं की तिथे काहीतरी घडून गेलेलं सापडतं.

जेम्स कॅम्पबेल यांच्या देखरेखीखाली १८८५ साली छापलेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात पिकं, रस्ते, बाजार यांच्या बरोबरीने भुताखेतांचीही नोंद आहे. आजही म्हाताऱ्या माणसांना ती सगळी नावं पाठ असतात. मुंज झाली, पण सोडमुंजीआधीच गेला, तो मुंजा. बाळंतपणात दगावली, ती अळवंतीण किंवा हडळ. संसाराची हौस पुरी न होता गेली, ती जखीण. पाठीमागे कोणी नसताना गेला आणि ज्याचा जीव घरादारात अडकला, तो समंध. पाण्यात ओढून नेतो, तो गिऱ्हा. ही यादी ऐकताना मला भीती कधी वाटली नाही, गलबलून मात्र येतं. म्हातारा होऊन, नातवंडं पाहून गेलेल्या माणसाचं भूत या यादीत जवळपास नाहीच. सगळी अवेळी गेलेली माणसं. दवाखाना, सुईण, लस यांतलं काहीच हाताशी नव्हतं, त्या काळात गावात कोण कोण कसं गेलं, त्याची ही तोंडी नोंदवहीच आहे.

मुंजाच्या पिंपळाबद्दल शाळेत एक कारण सांगितलं जायचं. झाड रात्री कार्बन डायऑक्साइड सोडतं, म्हणून खाली झोपू नये, आणि ते पोरांना पटावं म्हणून मुंजा. मला हे कारण पटत नाही. झाडं रात्री श्वास घेतात हे खरं, पण उघड्यावर तो वायू इतका थोडा असतो आणि वाऱ्याने असा पांगतो की त्याने कोणी गुदमरत नाही. त्यापेक्षा रात्री पिंपळाखाली पाच मिनिटं नुसतं उभं राहून बघा. पिंपळाच्या पानाचा देठ लांब आणि बारीक असतो, टोक शेपटीसारखं लोंबतं. शेजारच्या लिंबाचं पानही हलत नसतं तेव्हा पिंपळ मात्र सळसळत असतो, पाऊस आल्यासारखा. आपण वर बघतो तर आभाळ मोकळं. ज्याच्या घरातलं आठ-दहा वर्षांचं पोर नुकतंच गेलंय, त्या माणसाने हा आवाज ऐकला तर त्याने काय समजावं?

चकव्याची गोष्ट मी घरातच ऐकली. आमचे चुलते, नाना, रात्री दारं धरायला गेले होते. शेतीपंपाची लाईट पाळीपाळीने रात्रीची असते. ज्या आठवड्यात रात्रपाळी, त्या आठवड्यात माणसं बॅटरी आणि खोरं घेऊन अंधारात पाण्यामागे फिरतात. एका वाफ्याचं दारं मोडून दुसऱ्याकडे पाणी वळवायचं, इतकंच काम. नाना उसातून पलीकडच्या बांधाला निघाले आणि बॅटरी विझली. पुढचे दोन-तीन तास ते चालत होते आणि दरवेळी त्याच फुटक्या पाइपापाशी येत होते. "तिसऱ्यांदा पाइप दिसला आन् मग मी खाली बसलो," ते सांगायचे. "चकवा लागल्यावर चालायचं नसतं. तांबडं फुटंस्तवर तिथंच बसून राह्यलो."

२००९ साली जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेतल्या यान सौमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नानांचाच अनुभव मोजून पाहिला. त्यांनी माणसांना मोठ्या जंगलात आणि सहारा वाळवंटात सोडून 'सरळ चालत राहा' एवढंच सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती बरीचशी सरळ चालली. आभाळ भरून आलं की गोल फिरू लागली, स्वतःचीच वाट पुन्हा ओलांडू लागली, आणि आपण सरळच चाललोय अशी त्यांची खात्री होती. डोळे बांधलेल्यांची वर्तुळं तर कधी कधी वीस मीटर व्यासाइतकी लहान निघाली. एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड असतो म्हणून माणूस वळतो, हा जुना तर्क या मोजणीत टिकला नाही. 'समोर' म्हणजे कुठे, याचा मेंदूतला अंदाज पावलागणिक थोडा थोडा चुकतो, चुका साचत जातात आणि बाहेरची एखादी खूण दिसेपर्यंत त्या दुरुस्त होत नाहीत.

आता हे आमच्या उसात ठेवून बघा. १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा आला आणि ज्वारी-बाजरीच्या या मुलखात पुढे ऊस पसरला. आडसाली ऊस वर्षाच्या वर रानात उभा असतो. कारखान्यांचं गाळप दिवाळीच्या सुमारास सुरू होतं, म्हणजे ऑक्टोबरअखेर तो सगळ्यात उंच आणि सगळ्यात दाट. दहा-बारा फूट उंचीचं पीक, वर आभाळाची चिंधी, अंगाला पाचट कापतंय, सगळ्या सऱ्या सारख्या. सौमन यांना याहून चांगली जागा मिळाली नसती. आणि चकव्यावरचा गावचा उतारा, जागीच बसून उजाडायची वाट बघणं, हा वाट चुकलेल्याला आजही द्यावा असाच सल्ला आहे.

उसाच्या पट्ट्याबाहेर पडलं की माळ सुरू होतो. इथली रात्र शहरातल्या माणसाने एकदा तरी अनुभवावी. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, १९९७ साली जाहीर झालेलं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, चिंकारा हरणांसाठी राखलेलं. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीचं आणि बारामतीत शिर्सुफळचं गवताळ रान आहे. तिथे लांडगे, तरस, खोकड, चिंकारा दिसतात आणि आता वनखात्याच्या परवानगीने रीतसर सफारीही होते. माळावर अंधारात दोन डोळे हिरवट पेटतात, जरा हलतात आणि विझतात. ते तरस असू शकतं. त्याच्या डोळ्याच्या मागच्या बाजूला आरशासारखा एक पडदा असतो, बॅटरीचा उजेड त्यावरून परत फिरतो. तरस मेलेली जनावरं खातं, हाडंसुद्धा फोडून खातं, म्हणून ते गावाच्या कडेने, जिथे मेलेलं ढोर टाकतात तिथे, कधी मसणवट्याजवळ फिरताना दिसतं. भुताचा आणि त्याचा पत्ता एकच पडला. 'तरस रात्री हसतं' असं मात्र म्हणू नये. हसल्यासारखं ओरडणारं आफ्रिकेतलं ठिपक्यांचं तरस, आपलं पट्टेरी तरस फार गप्प जनावर आहे. रात्री माळावर जी चढत जाणारी, काळजात घुसणारी शीळ ऐकू येते, ती बऱ्याचदा करवानक पक्ष्याची असते. दिवसा तो दगडांत दगड होऊन बसतो, म्हणून आवाज करणारा कधी दिसत नाही.

पडक्या वाड्यातली पांढरी बाई म्हणजे बहुधा गव्हाणी घुबड. पांढरं बदामी तोंड, पोट पांढरं, आणि पिसांच्या कडेला बारीक झालर असल्यामुळे उडताना पंखांचा आवाज शून्य. त्याची पिल्लं ढोलीत बसून घोरल्यासारखी फुसफुसतात. उसातले उंदीर खाऊन हा पक्षी शेतकऱ्याचं किती राखतो याचा हिशेब कोणी ठेवत नाही, आणि अपशकुनी म्हणून त्याला दगड मारणारे अजून आहेत. मला याचं फार वाईट वाटतं.

वाड्यांवरून सुपं आठवतं. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजाराच्या दिवशी कुणबी जमले आणि सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांना हवी होती ती कर्जाची खतं आणि वह्या. त्या हिसकावून त्यांनी जाळल्या. दख्खनचा उठाव म्हणून इतिहासात जो शिकवतात, त्याची ठिणगी ही. पुढे चौकशी आयोग बसला आणि १८७९ साली शेतकऱ्यांच्या कर्जाबद्दल कायदा झाला. अशा मुलखात, जिथे पैसा कुठे गेला हा प्रश्न घराघरात होता, तिथे पडक्या वाड्याच्या भिंतीत धनाचा हंडा आहे आणि त्यावर समंध बसलाय, ही कथा उगवणारच. ती ऐकायला गोड आहे. पण हंडा काढायला मांत्रिक आला की ती गोष्ट राहत नाही, गुन्हा होतो. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं, भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारणं, धुरी देणं, हे सगळं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली येतं. त्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला. भुताच्या गोष्टी सांगाव्यात, जपाव्यात, असं मी मनापासून मानतो. अंगात आलेल्या बाईला मात्र डॉक्टरकडे न्यावं, आणि आधी तिचं ऐकून घ्यावं.

एक दिवस असेल तर तो मी लोणी भापकरला घालवीन. बारामती तालुक्यातलं हे गाव. जुनं दगडी देऊळ, त्याच्यापुढे पायऱ्यांची पुष्करणी आणि यज्ञवराहाची मूर्ती. पण मी थांबीन वीरगळांपाशी. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्याचा दगड. खालच्या चौकटीत तो लढतोय आणि पडतोय. मधल्या चौकटीत दोन्ही बाजूंनी अप्सरा त्याला धरून वर नेतायत. वरच्या चौकटीत तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलाय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेपर्यंत ही आठवण राहील. या दगडांना कुठे कुठे शेंदूर लागतो, नैवेद्य येतो. अवेळी गेलेल्याला भूत होऊ न देता देव करून घेण्याची ही जुनी रीत. लढाईत पडलेल्याची अशीच आठवण इंदापुरातही आहे. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले. १६०६ की १६२०, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. समाधी वेरूळला आहे, पण इंदापूर शहराने त्यांची गढी आणि त्यांचं नाव धरून ठेवलंय.

त्या मधल्या चौकटीतल्या अप्सरा नीट बघून ठेवा, कारण त्याच तुम्हाला पुढे पाण्याकाठी भेटतील. नीरेच्या, कऱ्हेच्या, भीमेच्या काठाला, विहिरीच्या थारोळ्यापाशी सात दगड ओळीने मांडलेले असतात, शेंदूर लावलेले. हिरव्या बांगड्या, खण, हळदकुंकू, दहीभात. या साती आसरा. 'आसरा' हा शब्द 'अप्सरा' वरूनच आलाय. दगडावरच्या अप्सरा पडलेल्या वीराला वर नेतात आणि डोहातल्या आसरा पोहायला उतरलेल्या पोराला खाली नेतात. शब्द एकच, दिशा उलटी. माझी आजी डोहाकडे बोट दाखवून फक्त एवढंच म्हणायची, "तिथं आसरा हायत." दगडी कपारी, भोवरा, गाळ यांतलं काही तिला समजावून सांगावं लागलं नाही. पोरं तिकडे जात नसत.

पाण्याची भीती इथे गोष्टीपुरती नाही. २१ मे २०२४ ला संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे येणारी बोट उजनी धरणाच्या फुगवट्यात वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जण बुडून गेले. त्यांत लहान मुलंही होती. कुगाव करमाळ्यात, कळाशी इंदापुरात. मधलं पाणी एरवी इतकं शांत असतं की ते धरण आहे हेच विसरायला होतं. तिथे बोटीत बसायचं तर अंगात जॅकेट हवं आणि वारा सुटला की काठावरच थांबायला हवं. यात तडजोड नको.

या फुगवट्याच्या काठानेच शेवटचा मुक्काम करावा. भिगवणजवळ डिकसळ आहे. १८५८ च्या अखेरीस पुण्याहून निघालेली रेल्वे इथवर आली आणि काही महिने इथेच संपत होती. पुढे सोलापूरकडची वाट खुली झाली ती १८५९ मध्ये. नंतर उजनीच्या पाण्यापायी रुळांची वाट हलली आणि मागे उरला तो दगडी पूल, ज्यावरून पुष्कळ वर्षं गाड्या, बैलगाड्या, माणसं करमाळ्याला जात राहिली. पुढे भिगवण-इंदापूर रस्त्यावर पळसदेव लागतं. हायवेवर दिसतं ते नवं पळसदेव. जुनं पाण्यात आहे.

भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पुरं झालं. त्यात साधारण ११७ टीएमसी पाणी मावतं आणि त्यातलं ६३ टीएमसीच्या आसपास मृतसाठा. म्हणजे जे पाणी कालव्यातून काढता येत नाही, ते. उन्हाळ्यात पाणी त्याहूनही खाली गेलं की पेपरात 'उजनी उणे' असं छापून येतं. आणि मृतसाठ्याचं पाणी हटू लागलं की पळसनाथाचं जुनं देऊळ वर येतं. आधी विटांचं शिखर, मग सभामंडपाचे दगडी खांब, मग भोवतीच्या ओवऱ्या, पायऱ्या, आणि शेवटी गावठाणातल्या घरांची जोती. २०२४ च्या उन्हाळ्यात ते असंच मोकळं झालं होतं. लोक भेगाळलेल्या गाळातून चालत गेले. देवळाचे दगड गाळाने राखाडी, खांबांना शिंपल्या चिकटलेल्या, आत गेलं की माशांचा आणि ओल्या मातीचा वास. मधे उभं राहून हाक मारली तर आवाज परत येतो. ज्याला भुताटकी हवी त्याने तिथे जावं, याहून खरी मला ठाऊक नाही.

पण हॅलोविनला गेलात तर यातलं काही दिसणार नाही. पाऊस बरा झाला तर ऑक्टोबरात धरण भरलेलं असतं. आयर्लंड-स्कॉटलंडकडे ३१ ऑक्टोबरची रात्र ही पीक घरात आल्यावरची, मेलेली माणसं जवळ येण्याची रात्र होती. तिथे तेव्हा भोपळ्याऐवजी सलगम कोरून दिवा ठेवत. आपल्याकडे पितरांसाठी भाद्रपदातला पंधरवडा आणि सर्वपित्री अमावास्या होऊन गेलेली असते, आणि धनत्रयोदशीला कणकेचा दिवा दक्षिणेकडे तोंड करून यमासाठी लावतात. २०२४ साली ३१ ऑक्टोबरला नरक चतुर्दशी आली होती. पहाटे अभ्यंगस्नान आणि रात्री हॅलोविन, एकाच तारखेला.

त्याच दिवाळीत मी पळसदेवच्या काठावर उभा होतो. पाणी ऊन खात पसरलं होतं. एक वयस्कर गृहस्थ म्हैस पाण्यावर घेऊन आले होते. जुन्या गावातले का, म्हणून विचारलं तर हो म्हणाले.

"घर कुठं होतं तुमचं?"

त्यांनी हात वर केला. "ते देवळाचं टोक जिथं असंल, त्याच्या उजव्या अंगाला. तो बगळा बसलाय बघा, त्याच्या जरा अलीकडं. दारात आड होता. आडाशेजारी शेवगा."

मी बगळ्याकडे बघत होतो तोवर तो उडाला. त्यांनी हात खाली घेतला नाही. पाण्यात बोट रोखून ते मला शेजारच्या घरांची नावं सांगत राहिले.